बर्फाच्या लादीचा भाव आणि आमची इतिवृत्तं

आदरणीय दाजी,

हात जोडून नमस्कार. तुमचा खोकला थांबला असेल आणि धाकटी तुम्हाला पंख्याखाली झोपू देत नसेल, अशी आशा आहे. (रागावू नका, थोरला भाऊ म्हणून मी तिचीच बाजू घेणार.) माझी छाती अजून धडधडते, पण या खेपेला आनंदानं.

आमच्या चार बर्फ कारखानदारांचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षण सातवीपर्यंतच, पण अक्षर बरं, म्हणून चिटणीस मी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही लादीचा भाव एकमतानं ठरवायचो. यात काही वावगं आहे हे मला कुणी सांगितलं नाही. मला मात्र कागद सरकारदरबारी पोचला नाही की अन्न गोड लागत नाही. पेपरात वाचलं, स्पर्धा आयोग नावाचं नवं ऑफिस उघडलंय. लगेच अकरा वर्षांची इतिवृत्तं रजिस्टर पोस्टानं धाडली. (भाव वाढवणे, सर्वानुमते मंजूर. नवा कारखाना काढू पाहणाऱ्यास पाण्याचा टँकर मिळू न देणे, अनुमोदक मी.) सोबत विनंती जोडली, की आमची शिस्त पाहून एखादं प्रशस्तिपत्र मिळावं.

पंधरा दिवसांनी आयोगाच्या एक बाईसाहेब दारात. म्हणाल्या, “आजोबा, हे तुम्ही स्वतःहून पाठवलंत?” कारखान्याला टाळं लागणार, म्हातारपणी जावयाच्या दारात जाऊन बसावं लागणार, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, “खाडाखोड झाली असेल तर माफी असावी.” त्या म्हणाल्या, “खाडाखोड नाहीये, हीच तर मजा आहे.”

तर कायदा असा निघाला, की संगनमताची खबर जो पहिल्यांदा देईल त्याचा दंड माफ. बाकी तिघांना जबर दंड. अध्यक्ष माझ्या अंगणात येऊन म्हणाले, “चिटणीस, तुम्हाला पोस्टात जायला सांगितलं कुणी?” मी म्हटलं, “कागदपत्रं चोख ठेवावीत, हा ठराव तुम्हीच मांडला होता.” त्यावर ते चहा न घेताच गेले.

खरी गंमत पुढेच. भाव मोकळा झाला आणि तिसऱ्या हिश्शानं उतरला. मी दोन दिवस अंथरूण धरलं. पण मासळीवाल्या दुप्पट लाद्या नेऊ लागल्या, दूधवाल्यानं आणखी दोन गाड्या काढल्या, नाक्यावर दोन सरबताची दुकानं निघाली. अकरा वर्षांत मी यंत्राचा एक नट बदलला नव्हता, आता अख्खं यंत्र नवं घेतलं. बाईसाहेब म्हणतात, गरीब देश असेच वर येतात, चार जणांची मूठ सुटली की. देशाचं मला कळत नाही, पण माझा कारखाना मात्र वर आला. चुरस हवीच, दाजी. मी आता सगळ्यांना हेच सांगतो.

धाकटीला आशीर्वाद.

तुमचा थोरला मेहुणा

ता.क. तुमच्या कारखान्याची बर्फाची गाडी पूल ओलांडून आमच्या बाजारात लादी दोन रुपयांनी स्वस्त देते, असं कानावर आलं. तुम्ही पलीकडे विकावं, मी अलीकडे. आपण नात्यातले, याला संगनमत म्हणत नाहीत.

ता.क. २. हिनं पत्र वाचलं. म्हणते, असलं लेखी द्यायचं नसतं. तेव्हा वरचा मजकूर वाचला नाही असं समजावं, पण पाळावा.