पत्र्यावरचं ओलं पोतं

शिरड शहापूर,
जून २००४

चि. रत्नपाल यास रामजीकाकाचा जयभीम, आणि काकूचा पाठीवरून हात. आमी ठीक. गुडघा तेवढा कुरकुर करून राहिला, त्याचं कारण पुढं येईलच. तू पुण्याला पोचल्याचं कळवलं न्हाईस. काहून, ते मला ठाऊक आहे.

बाबा, होळीला तू आमच्या पत्र्यावर तुझ्या कॉलेजच्या प्रयोगाचा तो मेणाचा डबा ठेवून गेलास. म्हणालास, हे मेण दिवसा उन्हाची ऊब पोटात घेईल आन् रात्री परत देईल, उद्या लोडशेडिंगमधी लोकांच्या कामी येईल. काका, फक्त लक्ष ठेवा. आता लक्ष ठेव म्हणल्यावर आपल्या घरात माणूस नुसतं बघत बसतं का? दुसऱ्याच दुपारी डब्याच्या काचेतून पाहिलं, तर पांढरंशुभ्र घट्ट मेण पार तेल झालेलं. (काकू खालून ओरडली, "बघत काय बसलात? लेकराची मेहनत वितळून चालली की!") मग रांजणाला गुंडाळतो तसं ओलं पोतं गुंडाळलं. उन्हाळाभर हापशाचं पाणी घेऊन शिडी चढलो, रांगेतल्या बायांची बोलणी खाल्ली. (मंजुळाबाई तर म्हणाली, "रामजीदादा, पत्र्यावर म्हैस बांधली का?") पण डब्याला ऊन म्हणून लागू दिलं न्हाई.

उन्हाळा सरताना तू आलास, डब्याला लावलेली, आतल्या ऊब-गारव्याच्या नोंदी ठेवणारी पेटी मांडीवरच्या कम्प्युटरला जोडलीस. रोजच्या वितळण्या-गोठण्याचे चढउतार दिसायला पाहिजे होते. पहिला एक उंचवटा सोडला तर रेघ निघाली वारंगा फाट्याच्या सडकेवाणी सरळ. तू पोत्याकडं पाहिलंस आन् एवढंच म्हणालास, "काका, वितळायसाठीच तर ठेवलं होतं."

चार शब्द लागट बोलला असतास तर बरं झालं असतं. तुझं वर्ष गेलं, आन् तू डबा तिथंच टाकून, काकूची भाकर न खाता एसटीला गेलास. तिनं ती भाकर सांजेपर्यंत झाकून ठेवली होती. मला पत्र्याकडं बघवत न्हाई.

तुझा,
रामजीकाका

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे, की येत्या उन्हाळ्यात डबा दुसऱ्याच्या पत्र्यावर नेऊ नकोस. तुझ्या सरांना सांग, चुलता आता शहाणा झाला. मी बोटसुद्धा लावणार न्हाई.

आणखी ता. क. पोतं तू गेलास त्याच दिवशी काढून टाकलं. पण आज आभाळ आलं, मेण काही वितळेना. तुझं आणखी नुकसान नको म्हणून डबा खाली उतरवला, तीन दगडांवर ठेवला आन् काकूनं गोवऱ्या पेटवल्या. घटकाभरात तुपावाणी पातळ! नोंदीची पेटी डब्यालाच आहे. (असावी. धुरात नीट दिसत न्हाई.)