वाघोबापुढचे डायनोसॉर

१२ ऑक्टोबर

गेला! अँकिलोसॉरसपण गेला!

सकाळच्या एसटीला जाताना वाघोबाच्या दगडाकडे वाकून बघितलं. काल ठेवलेला प्लास्टिकचा डायनोसॉर जागेवर नाही. तिथे झेंडूचं एक फूल. मागच्या वेळी स्टेगोसॉरस गेला तेव्हा तांदळाचे दाणे होते. तेव्हा कळलं नव्हतं, टोकावड्याला एसटी थांबली तेव्हा डोक्यात उजेड पडला — तांदूळ म्हणजे अक्षता!! आणि आता फूल!

रोशनीच. दुसरं कोण? ती याच वाटेनं कॉलेजच्या गाडीला जाते. तिचा फोन तिच्या भावानं, सुनिलनं, काढून घेतलाय. बोलायला वाटच नाही. पण कॉलेजात असताना एकदा तीच म्हणाली होती, "तुजी जनावरं घरी नको देऊ रे, दादा बघंल. वाघोबाकडं ठेव, मी घेईन." हसत म्हणाली होती. पण म्हणाली होती.

त्या कॉलेजचं नाव नको. तिच्याबद्दल घाण बोलणाऱ्याला मी एक ठेवून दिली, आणि माफी माझ्याकडून मागतात! खुर्ची फेकली, बाहेर पडलो. आई अजून शेजारणींना सांगते, "जगनला सुट्टी हाय." वर्ष होत आलं सुट्टीला.

१४ ऑक्टोबर

आज पोत्यातून टी-रेक्स निघाला. खराखुरा!

मुरबाडच्या भंगारच्या वखारीत कामाला लागलो त्याचं सोनं झालं. मुंबईच्या पोरांनी टाकलेली खेळणी पोत्यांनी येतात. कडक माल एकीकडे, नरम एकीकडे, आणि डायनोसॉर माझ्या डब्यात. मनोजशेठ ओरडतो, "अरे जगन, माल निवड! पाली काय गोळा करतोस?" पाली म्हणे.

हा जुन्या घडणीचा आहे. शेपूट जमिनीला टेकलेली, माणसासारखा ताठ उभा. आता शास्त्रज्ञ म्हणतात तसा नव्हता तो, आडवा धावायचा. पण हाताला दोनच बोटं — बरोब्बर! हल्लीचे गाढव तीन काढतात. पोटाखाली शिक्का आहे, पुसट. डावा पाय वाकडा होता, उभा राहीना. चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं, पाय बुडवला, सरळ केला, लगेच माठातल्या पाण्यात. आता असा उभा राहतो की बघत राहावं.

आतापर्यंत रोशनीला डबल असलेलेच दिले. हा एकच आहे. हाच द्यायचा.

१७ ऑक्टोबर, वाघबारस

नीट लिहितो.

उजाडायच्या आधी टी-रेक्स ठेवून आलो. नंतर गावाबरोबर गेलो, गुराख्यांची खीर, नारळ, सगळं घेऊन. बघतो तर टी-रेक्स वाघोबाच्या अगदी पुढ्यात! कपाळाला ओला शेंदूर. तोंडात भाताचं शीत.

एकदम कालवा.

"ह्यो कोनता भूत?" सुनिल.

लडकूकाका म्हणाले, "सरडा हाय मोठा."

"सरड्याला असं दात असतात व्हय?"

पूजा सांगणारे देवजीबाबा दोन पावलं मागे सरले. त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. "वाघाच्या सनाला वाघाम्होरं दुसरा जनावर पुजला. ही साधी गोष्ट नाय. कोनीतरी गावावर सोडलाय." काठीनं उडवला त्यांनी. ओहोळात पडला.

मी पुढे झालो होतो. "माझा आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता — कुणासाठी ठेवलास? आणि समोर रोशनी उभी! माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबले. गप्प राहा, असंच ना त्याचा अर्थ?

राहिलो. नंतर ओहोळात शोधला. नाही सापडला.

२१ ऑक्टोबर

लडकूकाकांचं वासरू गेलं. गोठ्यातून. कुत्री भुंकली नाहीत.

२२ ऑक्टोबर

वनखात्याचे हरेशभाऊ आले, ठसे बघितले. "बिबट्या. भात कापायला आला की दरवर्षी खाली उतरतो. गोठ्याला दार लावा, दिवा ठेवा." एवढं सरळ आहे. पण ते गेल्यावर देवजीबाबा म्हणाले, "इतकी वर्सं वाघोबानं राखन केली. याच वर्साला का सोडली?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

गावाच्या ग्रुपवर सुनिलनं टी-रेक्सचा फोटो टाकला, शेंदरासकट. खाली लिहिलं, "करणी करणारा गावातलाच हाय."

हसू आलं. मग आलं नाही.

२६ ऑक्टोबर

रोशनीला बघायला आले. पोरगा भातसानगरचा, बाप धरणावर नोकरीला. आई मला भाकरी वाढताना मुद्दाम सांगते, "चांगली माणसं हायेत." मी ताट सारलं. भिंतीवर बुक्की मारली. बोटं सुजली.

उद्या ट्रायसेराटॉप्स ठेवणार. माझ्या डब्यातला सगळ्यात चांगला. तीन शिंगं शाबूत, रंग कुठे उडालेला नाही. नेला तर सरळ तिच्या घरी जाऊन बोलणार. सुनिल असो नाहीतर त्याचा बाप असो.

२८ ऑक्टोबर

नेला!!! दगडावर बोटभर शेंदूर, अजून ओला!

एवढं सगळं होऊनही ती आली. भीती नाही तिला. मला वेड लागेल.

२९ ऑक्टोबर

पारूकाकीवर बिबट्यानं झडप घातली. लडकूकाकांची बायको, म्हणजे रोशनीची सख्खी काकी. पहाटे खाचरात भात कापायला बसली होती. बसलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, हरेशभाऊ सांगून गेले होते. हात फाडला, खांद्यापर्यंत. जीव वाचला. मुरबाडला नेलंय.

तिच्या किंकाळीनं जाग आली. अजून कानात आहे.

आता कुणी हरेशभाऊंचं ऐकणार नाही. देवजीबाबांनी एकच विचारलं, "दगडाकडं पहाटेचं कोन असतं?" कुणीतरी म्हणालं, "हिराबाई."

हिराबाई एकटी राहते, ओहोळापलीकडे. रानभाजी विकते, स्वतःशी बोलते. लहानपणी मला पोळ्याला मातीचे बैल करून द्यायची. शिंगं मोडली की परत करून द्यायची.

१ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. लिहितो.

देवळापुढे सगळे जमले. हिराबाईला आणून मध्ये बसवली. आणून म्हणजे ओढून. तिच्या ओटीत सापडलं होतं — अँकिलोसॉरस! माझा! सुनिलनं तिच्या नाकापुढे नाचवला.

"बोल थेरडे, ह्यो कुठला?"

"माजा नाय."

"मंग कोनाचा?"

"सांगनार नाय."

"सांगनार नाय की सांगता येत नाय?"

"सांगायचा नसतो," ती म्हणाली. एकदाच. मग तोंड मिटलं ते मिटलंच. सुनिलनं हात उगारला. आणि उगारून थांबला नाही.

मी गर्दी तोडून गेलो, त्याची गचांडी धरली. "बाईमाणसावर हात टाकतो!" तो दात काढून म्हणाला, "तुजी कोन लागते रे ती, भंगारवाल्या?" सगळे हसले. तेवढ्यात म्हणायला हवं होतं — तो डायनोसॉर माझा. तीन शब्द. पण रोशनी ओट्यावर उभी होती. मला वाटलं, हिनं दगडावरून नेला, हिच्याकडून कुठेतरी पडला, म्हातारीला सापडला. आता बोललो तर उद्या मध्ये रोशनी बसेल.

गचांडी सोडली.

हिराबाई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मला गप्प राहायला सांगत असल्यासारखी.

२ नोव्हेंबर

तिला गावाबाहेर काढलं. परत दिसली तर जित्ती जानार नाय, असं बजावून.

३ नोव्हेंबर

तिच्या झोपडीत गेलो. मडकी फोडलीत. भिताडाला कोनाडा, पुढे गोणपाट. ते बाजूला केलं.

सुपात भाताचं तूस पसरलेलं. त्यावर माझे बाकीचे सगळे. स्टेगोसॉरस. मानेला चीर गेलेला ब्रॅकिओसॉरस. ट्रायसेराटॉप्स. ओहोळात गेलेला टी-रेक्ससुद्धा, पुसून स्वच्छ केलेला, सरळ केलेल्या पायावर उभा. प्रत्येकाच्या कपाळाला शेंदूर.

रोशनीनं एकही नेला नव्हता.

अक्षता नाही. फूल नाही. काहीच नाही. आधी सूपच भिरकावून द्यावंसं वाटलं. मग लाज वाटली.

४ नोव्हेंबर

वर घाटाच्या पायथ्याशी हिराबाईची बहीण राहते, ठमी. तिच्याकडेच असणार म्हणून गेलो. ठमीनं आधी कोयता घेऊन दार अडवलं. आतून हिराबाई म्हणाली, "येऊ दे गो. पोर हाय."

गाल काळानिळा. मला बसायला गोधडी घातली!

मी विचारलं, माझे डायनोसॉर का नेलेस?

"नवसाचा जनावर उघड्यावर ठेवतात व्हय? पायाखाली येतो. मंग नवस फलत नाय."

"कसला नवस?"

ती हसली, गाल दुखला म्हणून थांबली. "मी बघलेला तुला. रोज ठेवतोस, हात जोडतोस, त्या पोरीच्या घराकडं बघतोस. तुला पूजा येत नाय. म्हनून मीच शेंदूर लावायची. वाघबारसला तेवढा वाघोबाम्होरं बसवला, सनाचा दिस म्हनून. तुज्यासाटी."

"मग देवळापुढे सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्याचा नवस फोडला तर त्याचा फुटतो. तुमाला शाला शिकून येवडंबी ठावं नाय?"

माझ्यासाठी मार खाल्ला. मी नवस बोललोच नव्हतो. मी खेळणी ठेवत होतो.

तिला वचन दिलं — सगळं मिटवतो. मिटलं की दगडापाशी डायनोसॉर ठेवीन. दिसला की बिनघोर खाली ये. "भात झोडायचाय माजा," ती म्हणाली. तेवढीच काळजी तिला. तेवढाच तुकडा आहे तिचा.

६ नोव्हेंबर

रोशनीशी बोललो!

आता सुनिल तिला मोटारसायकलवर मुरबाडच्या स्टँडवर सोडतो, तिथून ती कॉलेजची गाडी धरते. गणपतीपासून! मी वाटेवर जनावरं मांडत होतो आणि ती त्या वाटेनं जातच नव्हती. तो गेल्यावर स्टँडवर तिला गाठलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. लाज सोडून.

"अजून ती खेळणी गोळा करतोस तू?" म्हणाली. पण ऐकून घेतलं, सगळं. मी म्हटलं, आता देवळापुढे मीच उभा राहून सांगतो.

"तू नको. तू बोललास की मारामारी व्हते. मी सांगते दादाला. माजं ऐकंल तो."

मग विचारलं, "म्हातारी कुठं हाय?" मी ठमीचं घर सांगितलं नाही, तिनं शपथ घातली होती. फक्त डायनोसॉरच्या खुणेचं सांगितलं. ती गाडीत चढता चढता परत म्हणाली, "म्हंजे तो दिसला की ती येनार? नक्की येनार?"

दोनदा विचारलं! किती काळजी तिला. ती माझी झाली नाही तरी चालेल — असं आज पहिल्यांदा वाटलं.

नवा नंबर दिलाय तिनं. लग्न जमल्यावर फोन परत मिळालाय.

७ नोव्हेंबर

तिचा मेसेज: "दादाला सांगितलं. उद्या ठेव."

सुपातून टी-रेक्स आणलाय. उद्या सहाच्या एसटीच्या आधी ठेवतो आणि कामावर जातो. दुपारी लवकर सुटून झोडणीला मदत करीन तिला.

आज जेवलो नीट. आई बघतच राहिली.

८ नोव्हेंबर, मुरबाड स्टँड

ग्रुपवर फोटो आलाय. दगड, त्यापुढे माझा टी-रेक्स. खाली सुनिल: "ह्यो बघून म्हातारी खाली येनार. कोनी हात लावू नका. काठ्या घेऊन करवंदीच्या जाळीत बसा. आवाज नको."

हरेशभाऊंना फोन लावला, रेंजमध्ये नाहीत. टोकावड्याच्या पोलिसांना सांगितलंय, निघतो म्हणाले. रोशनीला तीनदा लावला. कट केला.

मेसेजखाली अंगठेच अंगठे. पहिलाच तिचा.

एसटी अजून लागली नाही.