ठकीची रेघ

३ फेब्रुवारी
मी म्हणे नातीला उपाशी ठेवते! सून तोंडावर बोलली नाही, नवऱ्याच्या आडून बोलली. ती दिवसभर कारखान्यात शर्टांना कॉलर लावणार, सहा महिन्यांच्या ठकीला बाटली पाजणार मी. मग वजन वाढलं नाही की चोर कोण? मी.

७ फेब्रुवारी
ठकीला घेऊन तिघं दवाखान्यात गेलो. नर्सने तक्ता दाखवला. नुसत्या वाकड्या रेघा. लेक म्हणाला, "शंभरात दहा? म्हणजे नापास!"
नर्स म्हणाली, हे मार्क नव्हेत. हिच्या वयाच्या शंभर मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर हलक्या बाजूने ही दहावी. दहावी असणं वाईट नाही. काही मुली चणीनेच लहान असतात, आपापल्या रेघेवर राहिल्या की झालं. पण ही जन्मली तेव्हा पन्नासावी होती, मग पंचविसावी झाली, आता दहावी. घसरतेय, ते बरं नाही. महिन्याने पुन्हा आणा.
घरी येताच सून म्हणाली, "आई, बाटली अर्धी ठेवूनच उठवत असाल तिला." मी म्हणाले, "तू रात्री पाजतेस त्याने तरी कुठे अंग धरतेय?" वाईट बोलले. पण बोलले. तेव्हापासून घरात भांडीच तेवढी बोलतात.

१२ फेब्रुवारी
लेकाने काटा आणला. आधी तो एकटा उभा राहतो, मग ठकीला घेऊन, मग वजाबाकी. आकडा मोबाइलमध्ये घातला की रेघ आपोआप निघते. आता दर रविवारी हेच.

१९ फेब्रुवारी
रेघ वर! सुनेने चहा केला. मलाही दिला.

५ मार्च
पुन्हा वर. पंचविसावी म्हणे. सून लेकाचा मोबाइल शेजारच्या बायकांना दाखवून आली. परवा महिना भरतो, नर्सकडे जायचं होतं. लेक म्हणाला, कशाला त्या रांगेत ताटकळायचं? मीही मान डोलावली. घर कसं शांत आहे.

११ मार्च
जानेवारीतलं झबलं अजून ढगळ होतंय. दोन घोट प्यायली की धाप, मग झोप. कपाळावर घाम. दूध पिताना घाम गाळायला ही काय दगड फोडते? आणि तासभर कडेवर घेतली तरी कंबर दुखत नाही. माझी कंबर तर पाण्याच्या तांब्यालाही कुरकुरते.
लेकाला सांगितलं. त्याने मोबाइल पुढे केला.

१३ मार्च
कोणाला न विचारता ठकीला उचललं आणि दवाखाना गाठला. नर्सने काट्यावर ठेवली, उचलली, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. गेल्या खेपेपेक्षाही कमी. सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली. शंभरांच्या ओळीत आता हिच्याहून हलकी कोणी नाही.
डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ती काढेचनात. मोठ्या इस्पितळात पाठवलं.

१४ मार्च
काळजाला भोक आहे. म्हणून पिताना दमायची. दोष पाजणारीचा नाही. तिचाही नाही, माझाही नाही.
मोठे डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी आणली असती तर ऑपरेशन करता आलं असतं. आता छातीत कफ भरलाय, एवढ्याशा अंगाला भूल सोसायची नाही.
लेकाला जिन्यात गाठलं. विचारलं, तुझा काटा काय सांगत होता? भिंतीकडे बघत म्हणाला, "पहिल्याच रविवारी कमी भरली होती. तुम्ही दोघींनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून वाढवून टाकलं. एकदा वाढवल्यावर खाली कसं आणणार, आई?"
सून खालच्या पायरीवर उभी होती. सगळं ऐकलं तिने.

१७ मार्च
सकाळी ठकी गेली.
आता माणसं येतील, कसं झालं विचारतील. सून माझ्या खांद्याला टेकून बसली आहे. तिने तोंड उघडायचं नाही. मीही उघडणार नाही. लेकाला दारात खुर्ची टाकून दिली आहे. येईल त्याला त्यानेच सांगायचं.