अक्षतांच्या वेळी

ति. आत्या,
तुमच्या थोरल्या सुनेचा नमस्कार.

धाकट्या भाऊजींच्या लग्नात मांडवातच माझं काळीज वेडंवाकडं धडधडायला लागलं. बायका म्हणाल्या, उन्हानं झालं असंल, लिंबूपाणी द्या. तुम्ही माझ्या संधिवातानं सुजलेल्या मनगटावर हात ठेवला आणि उठलात. मामंजी म्हणाले, "पोराच्या अक्षता तरी पडू द्या." तुम्ही म्हणालात, "पोराजवळ लई माणसं हायती. हिला आत्ता न्यायचंय."

बीडपर्यंत जीपमध्ये माझं डोकं तुमच्या नव्या शालूवर होतं. डॉक्टर म्हणाले, संधिवाताची सूज कधीकधी हृदयालाही बाधते, त्यानं ठोके बिघडतात, वेळेत आणलंत. आता गोळ्यांनी ठोके ताळ्यावर आहेत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तिकडं उमापूरला वन्सं तुम्हाला वाचून दाखवतील आणि तुम्ही म्हणाल, "कशापायी लिहीत बसली येवढं?"

आज मला भेटायला आलेल्या धाकट्या जावेनं तिच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. अक्षता पडत होत्या आणि नवरदेवाची आई कुठंच दिसत नव्हती. तिनं विचारलं, "आत्या कुठं हायत?"

मी म्हणाले, "माझ्याजवळ."

तुमची,
मोहिनी