तिसऱ्या वर्षीही सापळे रिकामे

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? ती फोनवर सांगते ती तुझी दुखरी दाढ काढलीस का? इकडे सगळे मजेत.

आधी बातमी. पतंग गेले! हंगामातला शेवटचा सापळा आज उघडला, तोही रिकामा. दोनशे चौदा सापळे, सलग तिसरं वर्ष, आणि पानं फस्त करणारा तो परका पतंग एकाही सापळ्यात नाही. चिकट पुठ्ठ्यावर फक्त दोन माश्या. आमचे वनाधिकारी हसायचं झालं तरी वरच्यांना विचारून हसतात, त्यांनी आज चक्क मला टाळी दिली! ड्रायव्हरकाका जीपचा भोंगा वाजवत सुटले.

मादीच्या वासाचं आमिष लावून आम्ही नर पकडतो, म्हणून तू चिडवायचास, "सरकारी पगार घेऊन लग्नं मोडतेस." ते आठवून आज एकटीच हसले.

आता तुझ्याकडेही झाडं लावण्यावरची बंदी उठली.

दादा, चार ओळी खोडून पुढचं लिहितेय. तुझ्या कुंपणाजवळच्या सापळ्यात पहिला पतंग निघाला तेव्हा तू म्हणालास, "एकच तर आहे, फेकून दे. बाबांची राई आहे ही." पंधरवड्यात, पतंग पसरू नयेत म्हणून, आमच्या खात्याने राई तोडली. तुला वाटलं, मी तोच पतंग कळवला, आणि तू बोलणं टाकलंस.

तो मी खरंच फेकला होता रे. तुझा चेहरा बघवेना, म्हणून वहीत शून्य लिहिलं. बारा दिवसांनी त्याच सापळ्यात एकोणीस निघाले, तेव्हा कुठे कळवलं. पहिल्याच दिवशी बोलले असते तर कदाचित कडेची झाडं जाऊन बाकीची वाचली असती. साहेबांना हे मी तेव्हाच सांगितलं, त्यांनी लेखी समज दिली. तुला सांगायची मात्र छाती झाली नाही.

रविवारी चाळीस रोपं घेऊन येतेय. हाकलून दिलंस तरी रोपं ठेवून घे.

तुझी, रागावलास तरी तुझीच,
धाकटी

दि. १३ ऑक्टोबर

धाकटे,

गुडघा बरा आहे. दाढ अजून जागेवरच, भीती वाटते.

तुझं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "आता तुम्ही सांगता, की मी लिहू?"

म्हणून सांगतो. तू तो सापळा उघडलास त्याच्या आठवडाभर आधी मला बुंध्यावर तसलेच पाच-सहा पतंग दिसले होते. चपलेने रगडले आणि गप्प बसलो. कळवायला मीही हवं होतं. पण तुझ्यावर रागावणं सोपं होतं, तेच तीन वर्षं करत बसलो.

चाळीस नको, साठ आण. कालपासून खड्डे खणतोय. हाताला फोड आलेत, आणि वहिनी तीन वर्षांत हसली नाही तेवढी मला बघून हसतेय. सकाळीच ये. आधी मनसोक्त भांडू, मग झाडं लावू.

तुझ्याइतकाच चुकलेला,
दादा