वाफेचं पाणी

मंगळवार, मे महिना, संध्याकाळ

आज वांगणीत मी काय करून बसले! उन्हाळ्यातल्या सर्दीला काय करायचं, हे बायकांना सांगायला गेलेली मी नर्स, आणि स्वतःच शिंकत होते. जिच्या अंगणात आम्ही जमलो होतो, त्या सोनीबाईला दया आली. तिने चुलीवर टोपभर पाणी उकळलं आणि मला वाफ घ्यायला बसवलं. बरं वाटलं. मग उठले आणि जव्हारला घरी करते तसं ते पाणी सरळ अंगणात ओतलं. ओतल्यावर दिसलं, तिचा हंडा रिकामा होता. विहीर पार डोंगराखाली.

ती नुसती त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "चुकले मी, सोनीबाई."

"ऱ्हाऊ दे बाई. नाक मोकळं झालं ना?" एवढं बोलून हंडा घेऊन निघाली. मी सोबत जायला हवं होतं. नाही गेले. गाडी थांबली होती, म्हणे!

मी निघेपर्यंत ती ओली माती वाळलीसुद्धा.

आणि त्याच अंगणात, पाणी ओतण्याच्या तासभर आधी, मी तिला बजावलं होतं, सर्दी पसरू नये म्हणून पोरांचे हात दिवसातून पाचदा धुवा. तिने मान डोलावली होती.