सतरा नंबरचा काळा पडदा

४ मार्च
बुसानहून सकाळच्या बसने पोचलो. खोलीच्या खिडकीतून अर्धं जहाज दिसतं. उरलेलं अर्धं अजून बांधायचंय. हवेला रंगाचा आणि समुद्राचा एकत्र वास. मला आवडला.

काम मनासारखं आहे. गोदीच्या सुरक्षा प्रशिक्षण कक्षात बेचाळीस हेडसेट आहेत. नवा कामगार तो डोळ्यांवर चढवतो, चाळीस मिनिटं आभासी परांचीवर फिरतो, सुरक्षा पट्टा न लावता एकदा खाली पडून पाहतो, मग खऱ्या परांचीवर जातो. हेडसेट चालू ठेवायचे ते मी. तीन महिने उमेदवारी, नंतर कायम. आईने फोनवर बाकी काही विचारलं नाही, कायम कधी होणार तेवढंच.

कक्षात मी वयाने सगळ्यात लहान, म्हणून प्रमुख बांग साहेबांनी पाच मिनिटांत माझं नाव ‘धाकटा’ करून टाकलं. खानावळीतल्या ओक्बुन मावशींनी सुक्या मासळीच्या रश्शातल्या शेवया वाढल्या. तुझे खांदे आहेत की कपडे अडकवायचा हँगर, असं म्हणून वर आणखी एक पळी वाढली.

६ मार्च
सतरा नंबरचा पडदा लागत नाही. आवाज येतो, चित्र नाही. चार्ज केला, बटण दाबून पुन्हा सुरू केला, केबल बदलली, सगळं पुसून नव्याने भरलं. काळाच.

दोन भिंगांच्या मध्ये नखाएवढा सेन्सर असतो. समोर कपाळ आलं की पडदा लागतो, गेलं की विझतो. तो पुसायला गेलो तर त्यावर चिकटपट्टीचा डिंक. बाकीचे पाहिले. बेचाळीसही सेन्सरांवर डिंक.

७ मार्च
बांग साहेबांना डिंकाचं विचारलं. ते पोट धरून हसले. ठेकेदाराच्या माणसांना चाळीस मिनिटं बसवून ठेवलं तर जहाज काय तुझी आई रंगवणार का, म्हणाले. सेन्सरवर पट्टी लावायची, हेडसेट टेबलावर मांडायचे, धडा चालू करायचा. यंत्राला वाटतं आत माणूस आहे. शेवटी नावापुढे ‘पूर्ण’ उमटतं. माणूस तोवर वर कामाला लागलेला असतो.

मीही मांडले. एकेचाळीस नावं झाली. तुलाही गोदीत फिरायचंय, तुझंही उरकून घे, असं साहेब म्हणाले. सतरा उरला होता. त्याला पट्टीची गरजच पडली नाही. टेबलावर ठेवला आणि आपोआप लागला. सेन्सर उलटा झालाय, असं म्हणून मी हसलो. यादीत माझं नाव उमटलं: प्यो जेहून, पूर्ण.

११ मार्च
सेन्सर बदलला. सतराचा पडदा तीसमध्ये बसवला, तिथे उत्तम चालतो. तीसचा सतरात बसवला, काळा. म्हणजे दोष पडद्यात नाही. कपाळाला लावला की विझतो, रिकामा ठेवला की लागतो.

आज काळोखात तसाच ऐकत बसलो. वारा. मग एका पुरुषाचा आवाज, अगदी अदबीने विचारणारा, की हा हूक कुठल्या कडीत अडकवायचा. धड्यात फक्त एका बाईचा आवाज आहे. साहेबांना सांगितलं, तर आधी कानातला मळ काढ म्हणाले.

१४ मार्च
सतराची जुनी नोंद काढली. २२ जानेवारी, दुपारी दोन दहा, छा मुनबे, रंगारी, पूर्ण.

खानावळीत हे नाव घेतलं आणि मावशींच्या हातातली पळी थांबली. त्यांचा नवरा. त्या दिवशी दोन दहाला तो जहाजाच्या चार नंबरच्या टाकीत, परांचीवरून खाली मरून पडलेला होता. प्रशिक्षण पूर्ण होतं, म्हणून चूक त्याची, असं कागदावर ठरलं. आदल्या संध्याकाळी तो जेवताना त्यांना विचारत होता, पट्ट्याला तीन कड्या आहेत, हूक कुठल्या कडीत घालायचा असेल गं? त्या म्हणाल्या होत्या, मला काय ठाऊक, उद्या शिकवतीलच की.

१९ मार्च
मावशी कक्षाच्या दाराशी आल्या होत्या. परवा निरीक्षक येणार. त्याला फक्त पट्टीचं सांग, एवढंच म्हणाल्या. बाकी काही नको, चूक त्याची नव्हती एवढं कागदावर येऊ दे. मला ‘बाळा’ म्हणाल्या.

२१ मार्च
निरीक्षकाने मलाच विचारलं, नोंदी खऱ्या का. साहेब माझ्या मागे उभे होते. मी हो म्हणालो. सही केली.

दुपारी मावशींनी रोजच्यासारख्या शेवया वाढल्या. मासळी थोडी जास्तच घातली. जेव म्हणाल्या, पाठ वळवून. मी जेवलो.

२२ मार्च
सतरा टेबलावर लागलेला होता. हातभर अंतरावरून भिंगात पाहिलं. धडा नव्हता. गंजलेली भिंत, खाली काळोख, समोर दोन हात. एका हातात वही. डाव्या अंगठ्याला निळी पट्टी.

माझे अंगठे पाहिले. धड आहेत.

२५ मार्च
तीन महिने व्हायच्या आतच कायम झालो. आईला कळवलं, ती रडली.

सतरा फोडून टाकायला घेतला, तर काचेने डावा अंगठा कापला. खानावळीत मावशींनी पट्टी बांधली. त्यांच्याकडे असते तीच, जेवणात पडली तरी दिसावी म्हणून निळी—

हात मागे घ्यायला हवा होता.

२६ मार्च, दुपारी
नव्या धड्यासाठी चार नंबरच्या टाकीचे फोटो हवेत. वरून. नाही म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, तुझं प्रशिक्षण पूर्ण आहे, यादीत आहे, कायम झाल्यावर लगेच अंगात आलं का?

वर आलोय. शिडीवाला खाली गेला. खाली बघायला नको, म्हणून हे लिहितोय. लिहिताना नजर वहीवर राहते.

पट्ट्याला तीन कड्या आहेत.

वॉकी-टॉकीवर विचारलं. साहेब हसले. यादीत पूर्ण दिसतंय, म्हणजे तुला येतंच, म्हणाले. आणि त्यांनी बंद केला.

२२ तारखेला भिंगात होती तीच भिंत. तोच गंज. वही. अंगठा.

फळी हलतेय. मी हललेलो नाही. मागे कुणीतरी आहे, अगदी कानाशी, अदबीने विचारतंय—तेच—मला ठाऊक नाही हो, खरंच मलाही कुणी शिकवलं—

मधली असेल. मधल्या कडीत घालून बघतो. की वरच्या—